‘चाकणजवळ’ म्हणजे कुठे?

लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे १८३८ च्या नोव्हेंबरात दख्खनच्या माशांवरचा एक निबंध वाचला गेला. लेखक होता लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री सायक्स. निबंधाचा सारांश १८३९ मध्ये सोसायटीच्या कार्यवृत्तात आला आणि चित्रांसह सविस्तर मजकूर १८४१ मध्ये छापला गेला. त्यात एक विलक्षण मासा आहे. त्याच्या तुंडावर शिंगासारखा उंचवटा असतो. शास्त्रीय नाव देताना सायक्सने स्थानिक लोकांचेच नाव उचलले आणि त्याला ‘सिप्रिनस नुकटा’ म्हटले. मासा कुठे सापडला हेही त्याने नोंदवले. इंद्रायणी नदी, चाकणजवळ.

ही नोंद एवढीच आहे. तिच्यात गावाचे नाव नाही, डोहाचे नाही, तारीखही नाही. पण आज जिथे मोटारींचे कारखाने, गोदामे आणि गृहसंकुले यांची सलग रांग उभी आहे, त्या पट्ट्यातल्या एका वन्यजीवाची नदीच्या नावासह केलेली ही नोंद जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. शहर वाढले की निसर्ग मागे हटतो, हे आपण इतक्या वेळा म्हणतो की त्याला पुरावा मागणेच सोडून दिले आहे. नेमके काय होते, ते केव्हापर्यंत होते आणि कोणत्या वर्षांत हटले, हे कागदांतून सांगता येते का? पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यापुरता तरी हा प्रयत्न करून पाहण्याजोगा आहे, आणि सुरुवात सायक्सच्या त्या ‘चाकणजवळ’पासूनच करावी लागते.

पहिली अडचण भूगोलाची. चाकण इंद्रायणीच्या काठावर नाही. नदी गावाच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवरून वाहते. तिच्या उत्तर तीरावर निघोजे, मोई, चिंबळी. दक्षिण तीरावर तळवडे, चिखली, मोशी. आणि पुढे डुडुळगाव व आळंदी. मग सायक्सने चाकणचे नाव का घेतले? इथून पुढचा भाग तर्काचा आहे. चाकणचा भुईकोट किल्ला सर्वांना ठाऊक होता. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या वेढ्यात फिरंगोजी नरसाळ्याने तो लढवल्यापासून हे ठाणे लष्करी माणसाच्या नकाशावर पक्के होते. पुण्याहून खेड-जुन्नरकडे निघालेला अधिकारी भोसरी, मोशी करत नदी ओलांडणार आणि चाकणला टेकणार. मोई किंवा चिंबळी ही नावे लंडनच्या वाचकाला निरुपयोगी होती, चाकण निदान नकाशात सापडले असते. मासा आळंदीच्या घाटावर मिळाला असता तर त्याने आळंदीच लिहिले असते, कारण ते नाव चाकणइतकेच प्रसिद्ध होते. म्हणून तळवडे-निघोजे ते मोशी-चिंबळी हा नदीचा तुकडा सर्वांत संभवनीय वाटतो. इंद्रायणी निश्चित, तुकडा अनुमानित, अशी ही नोंद आपण वहीत करून ठेवू.

तारखेचेही तसेच. सायक्स (१७९०-१८७२) मुंबईच्या फौजेतला अधिकारी होता. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत तो इंग्रजांच्या बाजूने होता. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले आणि १८३१ मध्ये तो मायदेशी परतला. पिके, लोकसंख्या, हवामान, मजुरीचे दर हे त्याचे सरकारी काम. पक्षी, सस्तन प्राणी आणि मासे हे त्या फिरतीत जडलेले वेड. तेव्हा नुकटा त्याच्या हाती पडला तो बहुधा या सात वर्षांत. निबंध त्यानंतर पुष्कळ उशिरा लिहिला गेला, ही गोष्ट साक्षीदाराच्या विरोधात जाते. त्याच्या बाजूने जाणारी गोष्ट अशी की मोजून-मापून लिहिण्याची सवय हा त्याचा पेशाच होता.

साक्षीदाराची आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. सायक्सने वर्णिलेल्या बऱ्याच माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. म्हणजे बरणीतला मासा काढून वर्णनाशी ताडून पाहावा अशी सोय नाही. उरतात वर्णन, चित्र आणि नावे. नावांचा पुरावा मात्र मला फार बोलका वाटतो. निबंधात एकूण ४६ जातींचा विचार आहे आणि कित्येकांची शास्त्रीय नावे ही सरळ त्या काळच्या बोलीतली आहेत. रोमन स्पेलिंगवरून उलट वाचत गेले तर खुद्री, कोलस, अलकुटी, सांडखोल, कुटुर्णी, शिंगटी अशी यादी उभी राहते. ही नावे कर्नलसाहेबाने स्वतः शोधलेली असणे शक्य नाही. कोणीतरी जाळे टाकले, मासा हातात धरून नाव सांगितले, दोन सारख्या दिसणाऱ्या माशांतला फरक दाखवला. ते लोक कोण होते हे कागदावर नाही. त्यांचे ज्ञान लंडनला पोहोचले आणि आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात त्यांच्याच शब्दांत वावरते. टॉर खुद्री हा महाशीर त्यांपैकीच. त्याची मूळ नोंद पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेची आहे.

सायक्सनंतर कागद विरळ होतात. १८८५ मध्ये पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर तीन भागांत निघाले. त्यात नद्यांचे वर्णन आहे. कुरवंड्याजवळ सह्याद्रीच्या माथ्यावर उगम, देहू आणि आळंदीवरून वाट आणि तुळापूरला भीमेशी संगम, असा इंद्रायणीचा मार्ग त्यात मिळतो. चिंचवडच्या देवस्थानाची हकीकतही येते. पण गॅझेटियर हे संकलन आहे. आधीचे वाचून लिहिणारा हा दुसरा स्वतंत्र साक्षीदार धरता येत नाही. १८८५ मध्ये नुकटा इंद्रायणीत होता की नव्हता, याचा पुरावा म्हणून ते वापरणे चूक ठरेल. त्याचा खरा उपयोग दळणवळणाच्या वाटा समजून घेण्यासाठी आहे. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली होती, आणि चिंचवड स्टेशनामुळे पवनेकडचा काठ मुंबईशी जोडला गेला होता. इंद्रायणीच्या मधल्या काठांना देहू-आळंदीच्या वाटांखेरीज असे काही मिळाले नाही. पुढच्या शंभर वर्षांत शहर कोणत्या नदीकडे तोंड करून वाढणार आणि कोणत्या नदीकडे पाठ करणार, हे त्या लोहमार्गाने बरेचसे ठरवले.

आता एक कागद असा, ज्याची आठवण शहरीकरणाच्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही. टाटांच्या जलविद्युत योजनेचे खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. लोणावळा आणि वळवण येथे पाणी अडवून ते घाटाखाली पश्चिमेला सोडले जाऊ लागले. हे पाणी इंद्रायणीच्या माथ्यावरचे होते. पूर्वेला देहू-आळंदीकडे यायचे त्यातले काही मुंबईच्या गिरण्यांची चाके फिरवायला गेले. त्याचा मधल्या टप्प्यातल्या माशांवर किती परिणाम झाला, हे मोजणारा कोणी तेव्हा नव्हता. पण एवढे म्हणता येते की पिंपरीत पहिला कारखाना उभा राहण्याच्या चाळीस वर्षे आधीच सायक्सची इंद्रायणी बदलू लागली होती. शहराच्या अतिक्रमणाला सगळा दोष देऊन मोकळे होणाऱ्यांनी हा कागद बाजूला ठेवू नये. त्याच वळवणला पुढे टाटांनीच महाशीर पैदाशीचे केंद्र चालवले आणि तिथली पिल्ले देशभरच्या जलाशयांत गेली, हाही इतिहासाचा एक तिरकस शेरा.

माशांची पुढची मोठी यादी १९४२ ची. ए. जी. एल. फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. १९४४ मध्ये सुटर यांनी त्यात नव्या नोंदींची भर घातली. १९६३ मध्ये टोणपी आणि मुल्हेरकर यांचे पुण्याच्या गोड्या पाण्यातील माशांवरचे टिपण आले. हे तिन्ही कागद मोलाचे आहेत, पण त्यांचा रोख पुणे शहर आणि भोवतालच्या पाण्यावर आहे. त्यांत एखादी जात आढळली म्हणून ती चिखलीच्या डोहातही होती, असे म्हणता येणार नाही. एका नदीचा दाखला दुसऱ्या नदीला लावणे हा आपल्या विषयातला सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक आडमार्ग आहे.

१९६३ या सालापाशी थोडे थांबू, कारण इथे दोन वेगळ्या दप्तरांतले कागद एकमेकांशेजारी येतात. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले आणि भोसरी-चिंचवडचा माळ त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या वसाहतींपैकी एक झाला. म्हणजे पुण्याच्या माशांची यादी छापली गेली, त्याच्या आदल्याच वर्षी त्या नद्यांचे भवितव्य बदलणारी यंत्रणा जन्मली होती. दोन्ही कागदांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पुढेही फारसा लागला नाही.

त्यानंतरचे सरकारी कागद मात्र भराभर येतात. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. जनगणनेचे आकडे यांच्याशी जुळवून पाहावेत. १९८१ मध्ये लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आत होती, १९९१ मध्ये पाच लाखांवर गेली, २००१ मध्ये दहा लाखांच्या घरात आणि २०११ मध्ये १७,२७,६९२. हे आकडे व्याख्यानांत सर्रास फेकले जातात, पण १९९१ ते २००१ ही उडी वाचताना जपावे लागते. मधल्या काळात शहराची हद्दच बदलली होती. वाढलेल्या लोकांपैकी काही तिथे पूर्वीपासून राहत होते, फक्त त्यांचे गाव शहरात मोजले जाऊ लागले.

संत तुकाराम नगर हे या वाढीचे पवनेकडचे रूप. पुणे-मुंबई रस्त्याच्या पूर्वेला, एका बाजूला वल्लभनगरचा एसटी स्टँड आणि दुसरीकडे नेहरूनगर, मध्ये म्हाडाच्या इमारती आणि यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. ६ मार्च २०२२ पासून पुणे मेट्रोच्या पिंपरी-फुगेवाडी टप्प्यावर या नावाचे स्थानकही आहे. इथला उतार पवनेकडे. पावसाचे पाणी ओढ्या-गटारांतून कासारवाडीच्या बाजूने पवनेत, पवनेतून दापोडीजवळ मुळेत, मग मुळा-मुठा होऊन रांजणगाव सांडसला भीमेत. तुकोबांच्या देहूवरून येणारे इंद्रायणीचे पाणी तुळापूरलाच भीमेला मिळालेले असते. म्हणजे या वसाहतीत पडलेला थेंब तुकोबांच्या नदीला भेटतो तो थेट भीमेत, कितीतरी मैलांवर. मधे आहे भोसरी ते निगडी पसरलेला उंचवटा, दोन खोऱ्यांमधला पाणलोट. या शहराच्या इतिहासात तो उंचवटा मला कोणत्याही अधिसूचनेइतकाच महत्त्वाचा वाटतो. १९९७ पर्यंत शहराचा अधिकृत संसार मुख्यतः त्याच्या दक्षिणेला होता.

मधल्या काळात इंद्रायणीकडे कोणी पाहिलेच नाही का? एक कागद आहे, आणि तो हाती आला तेव्हा खरा आनंद झाला. १९७६ मध्ये ‘बायोविज्ञानम्’ या नियतकालिकात याझदानी आणि महाबळ यांनी इंद्रायणीच्या माशांवर टिपण प्रसिद्ध केले. पाने ११९ ते १२१, म्हणजे अवघी तीन. पण ती तीन पाने पुण्याबद्दल नाहीत, मुळा-मुठेबद्दल नाहीत, याच नदीबद्दल आहेत. कारखानदारी सुरू झाल्यानंतर आणि शहर नदीपर्यंत पोहोचण्यापूर्वी केलेली ही नोंद. इतिहासकाराला ‘आधी’ आणि ‘नंतर’ हवे असतात. इथे ‘मध्ये’ सापडले, आणि ते ‘आधी’पेक्षा कितीतरी दुर्मीळ असते. अशा संशोधनाची परंपरा सांभाळणाऱ्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आज आकुर्डीत, प्राधिकरणाच्या सेक्टर २९ मध्ये आहे. नदीचे पुरावे जपणारी संस्था त्या नदीला व्यापणाऱ्या शहरातच राहायला आली.

सप्टेंबर १९९७ मध्ये भोवतालची अठरा गावे महापालिकेत आली. तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव, चऱ्होली ही त्यांतली. क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. पण क्षेत्रफळापेक्षा मोठी गोष्ट अशी की शहर पहिल्यांदाच उंचवटा ओलांडून कागदोपत्री इंद्रायणीच्या काठावर उतरले. सायक्सच्या नोंदीचा जो तुकडा आपण अनुमानाने ठरवला, त्याचा दक्षिण तीर त्या दिवसापासून महापालिकेचा झाला. उत्तर तीर ग्रामपंचायतींकडे राहिला. एका नदीचे दोन काठ दोन कारभारांत गेले.

इथे एक सावधगिरी. हद्द १९९७ मध्ये आली याचा अर्थ सांडपाणीही त्याच वर्षी आले असा नव्हे. भोसरी औद्योगिक वसाहतीचा उत्तरेकडचा उतार मुळातच चिखली-मोशीकडे आहे. नाल्यांनी अधिसूचनेची वाट पाहिली नसणार. तसेच सातबाऱ्यावर ओढा-नाल्याखालची जमीन ‘पोटखराब’ म्हणून दाखवलेली असते, तिची आकारणी होत नाही. ज्या जमिनीवर सरकारला कर मिळत नाही आणि शेतकऱ्याला पीक, तिच्यावर भराव पडला तर तक्रार कोण करणार? हे माझे अनुमान आहे, पण ओढे बुजण्याचे वेळापत्रक शोधायचे तर गावनकाशा आणि आजचे उपग्रहचित्र एकमेकांवर ठेवण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

उत्तर तीराचे कागद कंपन्यांच्या इतिहासात मिळतात. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ मधला. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज २००९ मध्ये आले. त्यांच्यामागून सुटे भाग बनवणारे, त्यांच्यामागून कामगार, आणि कामगारांसाठी चाळी, खोल्या, इमारती. कारखान्यांच्या सांडपाण्याला निदान परवान्याची अट असते. खोल्यांच्या सांडपाण्याला ग्रामपंचायतीची गटार, आणि गटारीला नदी. चाकणच्या प्रदूषणाची चर्चा कारखान्यांच्या फाटकाशी थांबते, तेव्हा हा दुसरा प्रवाह नजरेतून सुटतो.

एकविसाव्या शतकात माशांच्या याद्या पुन्हा सुरू होतात. २००३ मध्ये वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेची पाहणी छापली. त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये खरात, डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या माशांच्या दीर्घकालीन बदलांवर लिहिले. आपल्याला सर्वांत जवळचा आहे तो २०१२ चा ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’मधला, फक्त इंद्रायणीला वाहिलेला निबंध: डहाणूकर, पैंगणकर, राऊत आणि खरात यांचा. त्यांनी ५७ जाती नोंदवल्या. धोक्यांची यादीही दिली. बाहेरून आणून सोडलेले मासे, सांडपाणी आणि रसायने, जंगलतोडीमुळे येणारा गाळ, वस्त्या, अतिमासेमारी.

५७ हा आकडा पाहून नदी ठीक आहे असे वाटेल. पण जातींच्या संख्येत बाहेरचे पाहुणेही मोजले जातात, आणि इंद्रायणी लांब आहे. मावळातल्या स्वच्छ वरच्या टप्प्यातला मासा आणि आळंदीच्या खालचा मासा एकाच यादीत एका ओळीचे धनी होतात. नदीचा मधला टप्पा ओसाड झाला तरी एकूण बेरीज फार घसरत नाही. यादीत नाव असणे हा नदीत कुठेतरी असण्याचा पुरावा आहे, चाकणजवळ असण्याचा नव्हे.

आणि नुकटा? जीवशास्त्रज्ञ आता त्याला शिस्मॅटोऱ्हिंकस नुकटा म्हणतात. २००२ मध्ये घाटे, पवार आणि यादव यांनी कृष्णा खोऱ्यातल्या या माशावर टिपण लिहिले, म्हणजे जात संपलेली नाही. जागतिक लाल यादीत ती संकटग्रस्त गटात आहे. ज्या नदीच्या नावावर तिचा जन्मदाखला आहे, तिच्या मधल्या टप्प्याची अवस्था दुसऱ्या एका कागदात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. पवना त्यात आहे आणि इंद्रायणीही, मोशी ते आळंदी. सायक्सचा तुकडा आपण जिथे संपवला, मंडळाचा तुकडा तिथून सुरू होतो. हा योगायोग आहे आणि त्यावर फार भार टाकू नये. पण आळंदीच्या पात्रातला पांढरा फेस वारीच्या दिवसांत वर्तमानपत्रांनी वारंवार छापला आहे.

शहराची तहानही याच पाण्यावर आली. पिंपरी-चिंचवडची जुनी भिस्त पवनेवर. पवना धरणातून बंद जलवाहिनीने पाणी आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मरण पावले. शहर वाढते तेव्हा धक्का केवळ हद्दीतल्या झाडा-ओढ्यांना लागत नाही, हे त्या दिवसाइतके स्पष्ट कुठल्याच अहवालात लिहिलेले नाही. योजना अडकली. पुढे आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीतून सोडून निघोजेच्या बंधाऱ्यावर उचलायचे आणि चिखलीत शुद्ध करायचे, असा मार्ग काढला गेला. मग निघोजे ते आळंदी या थोड्या अंतरात एकच नदी आधी पिण्याच्या पाण्याचा स्रोत असते आणि नंतर प्रदूषित पट्टा. दोन्ही नोंदी सरकारीच आहेत.

शेवटचे कागद अलीकडचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली भंगारची दुकाने, गोदामे आणि पत्राशेड मोठ्या प्रमाणावर पाडली. १४ मे २०२५ रोजी शहराचा नवा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १७ मे रोजी, चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे राहिलेले ३६ बंगले जमीनदोस्त करण्यात आले. राष्ट्रीय हरित लवादाने १ जुलै २०२४ रोजी तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही बांधकामे वाचवली नाहीत. तिथे राहणाऱ्यांनी आयुष्याची कमाई घालून प्लॉट घेतले होते, घरे बांधली होती. प्लॉट पडले, विकले गेले, भिंती चढल्या, वीज आली. या प्रत्येक पायरीला कोणाची तरी सही असणार. आदेशाची बातमी झाली, त्या सह्यांची झाली नाही. कारवाईच्या दिवशी पोकलेन समोर उभा असतो, सही करणारा नसतो.

निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. जलसंपदा खात्याच्या या रेषा पाण्याच्या आवाक्यासाठी आखलेल्या आहेत. काठावरचा झाडोरा, डोह, पावसाळ्यात मासे ज्या उथळ ओढ्यांत चढतात ते ओढे, यांचा त्या गणितात विचार नाही. बंगले पडले ते पुराच्या रेषेमुळे. रेषेच्या बाहेरून नदीला मिळणारा ओढा बुजवला असता, तर या आदेशाला त्यात काही म्हणायचे नव्हते.

लवादाने तिथले नदीपात्र पूर्ववत करायला सांगितले, आणि आपल्या शोधाच्या दृष्टीने खरा प्रश्न इथेच आहे. पूर्ववत म्हणजे कोणत्या वर्षासारखे? १९९७ धरले तर शहराला सर्वांत सोयीचे, कारण तोवर नाले बिघडून चुकले असण्याचीच शक्यता अधिक. १८३१ च्या आधीचे धरले तर हाती एक नोंद आणि एक अनुमान, शिवाय लोणावळ्याचे पाणी पूर्वेला परत आणायला कोणीही तयार होणार नाही. माझे मत १९७६ ला जाते. त्या तीन पानांचा काळ वळवणच्या वळवलेल्या पाण्यानंतरचा आहे, म्हणजे शक्य कोटीतला, आणि काठ शहराच्या हाती जाण्यापूर्वीचा. चिखलीच्या पात्रातला राडारोडा उचलून झाल्यावर तिथे काय परत यायला हवे, याचे उत्तर मागायचे झाले तर मी आधी ती यादी पुढे ठेवीन आणि आजच्या यादीशी नावागणिक ताडून पाहीन.